हडंबा, कडबा कुट्टी आणि एका हाताची अवजारं : प्रकल्प नोंदी, हंगाम २०२४-२५

भाग: लातूर जिल्हा, औसा आणि निलंगा तालुक्यांतली गावं. काम दोन प्रकारचं: ज्यांचा हात, पाय किंवा डोळा गेला आहे त्यांच्यासाठी अवजारं जुळवून देणं, आणि ज्या यंत्रांनी हात जातात ती यंत्रं सुधारून घेणं. दोन्ही कामं एकाच वेल्डिंगच्या दुकानात आणि एकाच वहीत ठेवली आहेत. एका हाताने काम करणाऱ्याला यंत्र कुठे अडतं हे नीट पाहिलं की दोन हातांच्या माणसाला ते कुठे पकडतं हेही दिसतं.

३ ऑक्टोबर २०२४

सोयाबीनची काढणी सुरू झाली, बनिमी (कापलेल्या पिकाच्या गंजी) लागायला लागल्या. आता हडंबे (मळणी यंत्रं) रात्रंदिवस चालतील, म्हणून पहिलं काम त्यांच्या तोंडाचं.

मळणी यंत्राच्या सुरक्षेचं भारतीय मानक आयएस ९०२० आहे. त्यानुसार घास (एका वेळी आत सारायचं पीक) घालायचा ट्रे किमान ९०० मिमी लांब हवा आणि त्यातला ड्रमकडचा, म्हणजे आतल्या फिरत्या दातेरी नळकांड्याकडचा, ४५० मिमी भाग वरून झाकलेला हवा. हे मजुरांना मिलिमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरायचा: एक हात झाकलेलं, एक हात उघडं. हे कोणीही उभ्या उभ्या तपासू शकतं. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात साधारण ७० ते ७५ सेंमी भरतो, म्हणजे ट्रेच्या कडेशी उभ्या माणसाचा हात पूर्ण आत गेला तरी बोटं ड्रमच्या दातांपर्यंत पोचत नाहीत. आखूड ट्रेला ही सवडच नसते.

बऱ्याच हडंब्यांवर झाकण गॅस कटरने कापून काढलेलं आहे. मालकांचं उत्तर एकच: घास अडकतो, काम मागे पडतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. झाकण सपाट आणि खाली असतं, सोयाबीनचा घास मात्र फुगीर. तो कडेला तटतो आणि मजूर त्याला हाताने आत रेटतो. म्हणजे चुकीचं झाकण हाताला ड्रमकडेच नेतं. झाकण लावा असं नुसतं सांगून भागणार नाही, घास न अडणारं झाकण करून द्यावं लागेल.

ठरलेली रचना अशी. १८ गेजचा पत्रा आणि २५ मिमी अँगलची चौकट. मजुराच्या बाजूला झाकणाची उंची ३० सेंमी, तिथून उतरत जाऊन ड्रमच्या मूळ तोंडाला मिळतं. वेल्डिंग फक्त बाहेरून. आत टाका आलाच तर ग्राइंडरने पूर्ण घासायचा, कारण त्या एवढ्याशा उंचवट्यावर एक काडी अडते आणि मागचा सगळा घास तुंबतो. पत्र्याची मोकळी कड दुमडून त्यावर उभा चिरलेला पाइप बसवायचा, नाहीतर दिवसभरात मनगट सोलून निघतं आणि झाकण पुन्हा कापलं जातं. बोल्ट १० मिमीचे, नायलॉन नटचे. साधे नट थरथरीने दोन दिवसांत ढिले होतात.

ट्रे ड्रमकडे उतरता ठेवू नये. उतारावर घास आपोआप ओढला जातो आणि सोबत तोल गेलेला माणूसही. ट्रेची उंची घास घालणाऱ्याच्या कमरेच्या वर आणि कोपराच्या खाली हवी. मजूर बनिमीवर उभा राहून घास घालत असेल तर बनीम खचते तसा तो पुढे सरकतो. फळ्यांचा सपाट ओटा किंवा मजबूत लाकडी पलंग चालतो, पण पाय ठेवायची जागा हलता कामा नये.

१० ऑक्टोबर

ड्रम तुंबण्याचं मोठं कारण ओल. दव असलेल्या सोयाबीनचं खोड चिवट असतं, ते तुटायच्या ऐवजी ड्रमला गुंडाळतं. मग कोणीतरी पायाने रेटतो. पाय जाण्याच्या घटना इथूनच येतात. बनीम रात्री ताडपत्रीने झाकायची आणि सकाळी दव उतरल्यावरच यंत्र सुरू करायचं, हे मालकाच्याही फायद्याचं आहे, कारण ओल्या मालात दाणा भुसात जातो.

घास आत सरकवायला लाकडी ढकलणी दिली: एक मीटर लांब, पुढचं टोक चार बोटं रुंद आणि सपाट. लाकूड हलकं घ्यायचं, ड्रममध्ये गेलं तर मोडून पडलं पाहिजे. लोखंडी गज नको, दातांत अडकला तर उलटा फेकला जातो. ढकलणीला दोरीचा फास करून मनगटात अडकवायची सवय काही जणांना आहे. ती मोडायलाच हवी. ड्रमने ढकलणी घेतली तर हातही जातो.

१४ ऑक्टोबर

पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्राला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याचा) जॉइंट शाफ्ट. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ९. जॉइंटची जाडी १० सेंमी धरली तर एका फेऱ्यात ३१ सेंमी कापड गुंडाळलं जातं, सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वर. उपरण्याचं हातभर टोक अडकलं तर ते सगळं आत जायला पाव सेकंदही लागत नाही. ‘मी लगेच ओढून घेईन’ हे म्हणायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. गावात बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला की शांतपणे ऐकला जातो, भीतीच्या चित्रांपेक्षा जास्त.

शाफ्टवरच्या प्लॅस्टिकच्या नळीची तपासणी यंत्र बंद करून, चावी काढून: नळी हाताने फिरवली तर एकटी फिरली पाहिजे, शाफ्ट जागेवर राहिला पाहिजे. नळीच्या दोन्ही टोकांच्या साखळ्या ट्रॅक्टरला आणि हडंब्याला बांधलेल्या हव्यात. साखळी तुटली की नळी शाफ्टबरोबर फिरते, मग ती असून नसल्यासारखी. नळीच नसेल तर हडंब्याच्या चौकटीला बोल्ट करून शाफ्टवर अर्धगोल पत्रा. जॉइंटमधली तुटलेली पिन काढून तिथे लांब बोल्ट ठोकलेला असतो आणि त्याचं डोकं बाहेर राहतं. कपडा पहिला त्या डोक्यालाच अडकतो. बोल्ट योग्य लांबीचा घ्यायचा, टोक कापायचं.

कपड्यांबद्दल: शेतात बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, ती पद्धत चांगलीच आहे. पदर पूर्ण शर्टाच्या आत, शर्टाची सगळी बटणं लावलेली, बाह्यांची बटणंही. वेणी शर्टात. धोतर नेसणाऱ्याने यंत्राजवळ सोगा खोचायचा, कडं आणि मनगटातला दोरा काढून ठेवायचा.

२२ ऑक्टोबर

उजवा हात कोपराखाली नसलेले एक शेतकरी. खुंट, म्हणजे उरलेला हात, कोपरापासून १४ सेंमी. त्यांच्याकडे आधीचा कृत्रिम हात आहे. तो दिसायला हातासारखा, आणि म्हणून लग्नकार्यात वापरला जातो. शेतात त्याने काही धरता येत नाही.

कामांची यादी त्यांच्याकडूनच घेतली आणि प्रत्येक कामात दुसरा हात नेमकं काय करतो ते लिहिलं. खुरपणीत दुसरा हात गवत धरतो. कापणीत ताटं कवळ्यात घेतो. बादली उचलताना तळ पेलतो. औषधाची बाटली उघडताना बाटली धरून ठेवतो. म्हणजे बहुतेक वेळा त्याचं काम ‘धरणं’ एवढंच आहे, बोटांची कसरत नाही. हे कळलं की अवजार सोपं होतं.

बाही अशी केली: ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून उकळत्या पाण्यात मऊ केला, खुंटावर जाड टॉवेल गुंडाळून त्यावर आकार दिला. आगीवर पीव्हीसी तापवायचा नाही, धूर घातक असतो. आत ६ मिमी फोम, काढून धुता येईल असा. ५० मिमीचे दोन वेल्क्रो पट्टे, एक कोपराखाली, एक दंडावर. पुढच्या टोकाला २५ मिमी चौकोनी पाइपची खोबणी आणि ८ मिमी बोल्ट. त्यात अवजार बसतं: कापणीसाठी ८ मिमी सळईचा दुबोटी आकडा, बोटं १२ सेंमी लांब, टोकं गोल घासलेली. डाव्या हातात वैभव विळा. तो दातेरी आणि हलका, ओढून कापतो, घाव घालावा लागत नाही. एका हाताच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे, कारण घाव चुकला तर तो आकड्यावर किंवा पोटरीवर बसतो.

खरी अडचण घामाची. बाही सरकते, फोमची घडी पडते, आणि खुंटाची कातडी आतल्या आत सोलवटते. सुती मोजे दोन, दुपारी बदलायचे. पहिल्या दिवशी २० मिनिटं काम करून बाही काढायची आणि कातडी बघायची. लाली दहा मिनिटांत ओसरली तर ठीक. नाही ओसरली तर त्या जागी फोम कोरायचा, पट्टा आवळायचा नाही. खुंटावर हाताच्या नसांची टोकं असतात, तिथे दाब आला तर झिणझिण्या येतात. ती जागा रंगीत पेनने खूण करून आतून पोकळ ठेवली.

बाहीच्या आत आणि बाहेर रंगाने लिहिलं आहे: हडंबा, कडबा कुट्टी (चारा कापायचं यंत्र), पट्टा आणि पुली यांच्याजवळ घालायची नाही. हाताची पकड धोक्यात सुटते, बाहीची सुटत नाही. वेल्क्रोची टोकं दातांनी धरून एका झटक्यात निघतील अशी बाहेर वळवून ठेवली.

८ नोव्हेंबर

पाय गेलेले आणि पोलिओचे शेतकरी. प्रश्न काळ्या मातीचा. ओली असताना कुबडीचं टोक वीतभर रुततं, उन्हाळ्यात भेगांत अडकतं. जुन्या टायरची १० ते १२ सेंमी व्यासाची चकती कुबडीच्या टोकाला बोल्टने बसवली, पाटा रुंद झाला की रुतणं थांबतं. घरात फरशीवर हीच चकती घसरते, म्हणून ती काढता येणारी ठेवायची आणि घरचं रबरी टोक वेगळं.

जयपूर फूट १९६८ साली आला. अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, पाण्यात चालतं, म्हणून शेतीला तोच बरा. पण तोही चिखलातून आल्यावर धुऊन सावलीत वाळवावा लागतो. माती सॉकेटमध्ये (खुंट बसतो त्या खोळीत) गेली तर खुंटाला जखम होते आणि मग महिनाभर पाय घालताच येत नाही. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. तिथे किंवा शिबिरात जाताना शेतात किती वेळ उभं राहायचं असतं, बांध किती उंच, खाली बसून काय काय काम करतो, हे लिहून न्यायचं. ‘चालता येतं का’ एवढंच विचारलं गेलं तर पायही तेवढाच मिळतो.

बसून खुरपण्यासाठी चाकांची बैठक: उंची २० सेंमी, सोयाबीनच्या ४५ सेंमी ओळींत मावेल इतकी अरुंद. वाफसा असतानाच, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, चालते. चिखलात चाकांवर माती चढून ती दगड होते.

ट्रॅक्टरवर चढायला खाली लटकती जादा पायरी बसवायला हरकत नाही. क्लच आणि ब्रेकची जोडणी गावातल्या दुकानात बदलायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

१९ नोव्हेंबर

कागदपत्रं, थोडक्यात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण, दोघांनाही लागू. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. घरचे दवाखान्यात असतात आणि मुदत तिकडेच निघून जाते, म्हणून अर्ज लिहायचं काम गावातल्या एकाने अंगावर घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवावं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. दोन बोटं गेलेल्याचा आकडा तिथवर पोचेलच असं नाही, पण त्याला दूध काढता येत नाही हे खरंच असतं. अवजार देताना आम्ही टक्के विचारत नाही.

५ डिसेंबर

कडबा कुट्टी. हाताच्या यंत्रावर मुलांची बोटं जातात, आणि तीही यंत्र बंद असताना: कोणी नाही बघून एक मूल चाक फिरवतं, दुसरं गिअरमध्ये बोट घालतं. उपाय सर्वात स्वस्त आहे. चाकाच्या आऱ्यातून आणि चौकटीतून जाणारी १२ मिमी सळईची खीळ, साखळीने यंत्रालाच बांधलेली, वर कुलूप. गिअरवर पत्र्याचं झाकण.

विजेच्या यंत्रावर चारा आत ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे, ट्रेमध्ये, एक सैल फिरणारा लाकडी रूळ आडवा. हात चाऱ्याबरोबर आत चालला की तो उचलला जाऊन हातावर आपटतो आणि माणूस सावध होतो. पुढे-मागे करायचा दांडा हाताच्या उंचीवर असतो. पण हात आत ओढला गेला तर दुसरा हात तिथवर पोचत नाही, आणि ज्याला एकच हात आहे त्याला तर दांडाच नाही. दांड्याला पट्टी जोडून ती गुडघ्यापर्यंत खाली आणली, गुडघ्याने धक्का दिला की रूळ उलटे फिरतात. जोडणीत बुश घालायचा, नुसता बोल्ट गंजून जाम होतो. महिन्याला दोन थेंब तेल.

वीज गेली आणि बटण चालूच राहिलं तर वीज आल्यावर यंत्र आपोआप फिरतं. भारनियमनाच्या भागात हे रोजचं. प्लग-बटणाऐवजी वीज गेल्यावर स्वतः सुटणारा स्टार्टर लावायचा. पंपाला जो ऑटो स्विच लावतात तो कुट्टीला कधीच नाही. पातं बदलताना प्लग काढून तो खिशात ठेवायचा. पातं आणि पाटा यांत पोस्टकार्ड जाईल इतकीच फट, बोथट पात्याने चारा चघळला जातो आणि लोक हाताने रेटतात.

ऐकू न येणाऱ्या शेतकऱ्याला मोटर सुरू झाल्याचं कळत नाही. त्यांच्या स्टार्टरवर आणि यंत्राच्या तोंडाशी, दोन्हीकडे लाल दिवा.

२० डिसेंबर

रब्बीचं पाणी, रात्रीची वीज. दृष्टी गेलेले एक शेतकरी स्वतःच्या शेताला स्वतः पाणी देतात. घर, विहीर, स्टार्टर असा नायलॉन दोर कमरेच्या उंचीवर ताणला. एक गाठ म्हणजे वळण, दोन गाठी म्हणजे थांबा. दोर विहिरीच्या काठावरून न्यायचा नाही, किमान दोन मीटर लांबून. विहिरीभोवती मीटरभर रुंद मुरूम-खडीचा पट्टा: पायाखाली मातीची खडी झाली की धोका आहे हे दोर सुटला तरी कळतं. पावसाळ्यानंतर पट्ट्यावर गवत येतं, ते काढत राहावं लागतं.

स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग, खाली कोरडी रबरी चटई. करंट येत असल्याचा संशय असलेली पेटी उलट्या हाताने तपासायचीही नाही, आधी फ्यूज काढायचा. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट शेजाऱ्याचा जीव घेतो, आणि ज्याला दिसत नाही त्याचा आधी.

२१ जानेवारी २०२५

ऊसतोड आणि डोळे. पानाची कड बुबुळाला लागते, सुरुवातीला फक्त खुपतं. अशा जखमेत बुरशी शिरते, आणि घरात पडून असलेले किंवा दुकानातून मागून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले तर ती फोफावते. दूध, मध, काजळ काही घालायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चष्मा बाजूने छिद्रांचा घ्यावा. आतून साबणाचं बोट फिरवून पुसला तर वाफ कमी धरते.

फवारणी: १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर २० किलोच्या वर जातो. कृत्रिम पाय किंवा मणक्याचा त्रास असलेल्याने आठच लिटर भरायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना झालेल्या विषबाधेत डोक्यावर वाढलेलं पीक हे एक कारण होतं. औषध अंगावरच पडत होतं. पिकाची उंची छातीच्या वर गेली की पाठीवरचा पंप बाजूला ठेवावा.

एका हाताचे शेतकरी बाटलीचं बूच दातांनी उघडतात. हे सगळीकडे दिसतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. उपाय साधा: जड लाकडी ठोकळ्यात बाटलीच्या मापाचं भोक, आत सायकलच्या ट्यूबची पट्टी. बाटली त्यात दाबली की फिरत नाही, एका हाताने बूच निघतं. ठोकळा बांधावर खिळ्याने ठोकलेल्या फळीला बोल्ट केला. २५० मिली, ५०० मिली आणि एक लिटर, तिन्ही मापांची भोकं एकाच ठोकळ्यात.

१३ फेब्रुवारी

ज्वारी आणि हरभऱ्याच्या मळणीआधी हडंब्यांची फेरतपासणी. उतरतं झाकण जिथे बसवलं तिथे ते बहुतेक ठिकाणी जागेवर आहे. जिथे काढलंय तिथे कारण तुंबलेला ड्रम साफ करणं. बोल्ट खोलायला वेळ लागतो.

म्हणून आता झाकण बिजागरीवर, आणि कडीला कुलूप. त्या कुलपाची चावी ट्रॅक्टरच्या चावीच्या कड्यातच, जाड तारेने वेल्ड करून. ट्रॅक्टरची चावी काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन चावीने नाही, ओढायच्या दांड्याने बंद होतं. चावी काढली तरी चालू राहतं, तिथे हा उपाय अपुरा आहे. त्यांच्या झाकणावर लिहून ठेवलं: आधी दांडा, मग पीटीओ सुटा, मग चावी. इंजिन बंद झाल्यावरही ड्रम जडपणामुळे बराच वेळ फिरतो आणि आवाज नसल्याने थांबल्यासारखा वाटतो. झाकणाला चार बोटांची जाळीची खिडकी ठेवली, ड्रम दिसला पाहिजे.

१० मार्च

प्रत्येक हडंब्यावर पेटी: रुंद पट्टीचा रुमाल, जाड सुती कापड, कात्री, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, १०८ नंबर मोठ्या अक्षरात. चालकांना शिकवलेला क्रम: इंजिन बंद, पट्टा कापून टाका, ड्रम हाताने उलटा फिरवा. इंजिनने उलटा फिरवायचा नाही. जखमेवर थेट दाब, दाबूनही रक्त थांबलं नाही तर जखमेच्या वर आवळपट्टी आणि बांधल्याची वेळ कपाळावर पेनने. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात, ते पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पिशवीत. बर्फ थेट लावला तर पेशी मरतात आणि जोडायला काही उरत नाही. बर्फ गावात शीतपेयाच्या दुकानात मिळतो. कोणत्या, हे पेटीवर लिहून ठेवलं.

खरिपाआधी राहिलेलं: डावखुऱ्यांसाठी आकडा उलट्या बाजूने, पेरणीत तिफणीमागे चाड्यावर बी सोडणाऱ्या बाईसाठी कमरेचा आधार, आणि ज्या मालकांनी अजून ट्रे लांब केला नाही त्यांच्याशी मृगाआधी पुन्हा बोलणं, सोबत तयार चौकट घेऊन.